रफींची गाणी, दीदींचा आवाज

रमजानच्या पानावर गाण्यांचं काय काम, असं कुणी विचारील. खरं आहे. या महिन्यात जव्हारच्या आमच्या घरात टेप कपाटात जायचा, तो ईदलाच बाहेर यायचा. पण मोहम्मद रफी गेले तेही रमजानमध्येच, ३१ जुलै १९८० रोजी. म्हणून इफ्तारनंतर, तरावीहला निघण्याआधी, चहा पिताना त्यांची आठवण निघतेच.

रफींच्या पश्चात त्यांची गाणी दुसऱ्यांनी गायलेल्या स्वस्त कॅसेटी खूप निघाल्या. सोनू निगम यांची ‘रफी की यादें’ त्यातलीच. मोखाड्याच्या जीपमध्ये ती लागली की आमची पैज लागायची : हा रफी की दुसरा? मजा यायची, पण पैज संपली की ऐकणंही संपायचं. अब्बांना तर असल्या कॅसेटींची चीडच होती.

पुढे लता मंगेशकर यांचा ‘श्रद्धांजली’ अल्बम आला. सैगल, पंकज मलिक, हेमंतकुमार, मुकेश, किशोरकुमार आणि रफी यांची गाजलेली गाणी दीदींनी स्वतः गायली होती. या दोघांचं साठच्या दशकात रॉयल्टीवरून बिनसलं होतं, हे जुन्या रसिकांना ठाऊक आहे. मानधन मिळालं की गायकाचा हिशेब संपला, असं रफींचं मत. रेकॉर्ड विकली जाते तोवर गायकालाही वाटा हवा, असं दीदींचं. (माझ्या मते दीदींचं बरोबर होतं. अब्बांसमोर हे बोलायची सोय नव्हती.) काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत. पुढे समेट झाला.

या अल्बममध्ये नक्कल नाही. रफी जिथे सूर सोडत, तिथे आपलं मन आधीच जाऊन थांबतं, आणि दीदी जरा वेगळ्या वाटेनं तिथे पोहोचतात. एक आवाज टेपमधून येतो, दुसरा आपल्या आठवणीतून. ज्याला मूळ गाणं पाठ आहे, त्यालाच हे दोन्ही ऐकू येतात.

ईदच्या दुपारी, शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्यावर, मी भीत भीत ती कॅसेट लावली. अब्बा उठून जातील असं वाटलं होतं. ते बसून राहिले. ‘‘ज्यांच्याशी वाजलं होतं, त्यांनी गायलंय. ऐकायलाच हवं,’’ म्हणाले.

कॅसेट संपली तेव्हा म्हणाले, ‘‘आता आपल्या रफीसाहेबांची लाव.’’ नेमकी लाईट गेली. शेजारच्या काकांनी त्यांच्या बॅटरीतले सेल काढून दिले.