उडालेली कौले

अनसिंगच्या मुलांना वावटळ ठाऊक असते. पाचोळा गरगरा फिरवीत ती रानातून जाते आणि क्षणात विरते. समुद्रावरून येणारे चक्रीवादळ मात्र कित्येक कोस पसरलेले असते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे असेच वादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. दिवेआगर, श्रीवर्धन भागातील नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. घरांची, शाळांची, प्रार्थनामंदिरांची छपरे उडाली.

भिंती उभ्या राहून छप्परच का बरे उडावे? छपरावरून वारा वेगाने वाहू लागला, की तेथील हवेचा दाब घटतो व आतील हवा छपराला खालून वर रेटते. मंगलोरी कौल तर रिपेला नुसते अडकवलेले, स्वतःच्या भाराने टिकलेले असते. एक निघाले, की त्या भगदाडातून शेजारची निघू लागतात.

मृग अवघा चार-पाच दिवसांवर आला होता. उघड्या पडलेल्या मातीच्या भिंती पावसात भिजल्या, तर त्याही खचावयाच्या. त्यातच करोनाची साथ! तरीही ठिकठिकाणचे स्वयंसेवक मदतीस धावले.

छप्पर घालणे हे नवख्याचे काम नव्हे. आधी वासे व रिपा तपासाव्या लागतात. मग वळचणीपासून आढ्याकडे ओळीमागून ओळ बसवीत जावयाचे, म्हणजे वरचे कौल खालच्यावर येते व पाणी निथळून जाते. जाणता कारागीर वर बसतो. इतरांनी खालून कौले हातोहात पोहोचवावयाची. ढिगाऱ्यातून धड कौले निवडणे हे काम मला सर्वांत चिकाटीचे वाटते. कौल बोटाने वाजवून पाहतात. धड असेल ते खणखणते. तडा गेलेले बद्द वाजते.