तक्रारीपासून शिफारशीपर्यंत

उन्हाळा लागला की लष्कर असो वा मुरार, आपल्या घराघरांत एकच विषय निघतो: तिघऱ्यात पाणी किती उरलंय? चहा संपेपर्यंत नगर निगमाचा उद्धार होतो आणि विषय तिथंच मिटतो. हीच तक्रार पुराव्यानिशी, उपायासह कागदावर मांडली की तिचा पॉलिसी पेपर, म्हणजेच धोरण विश्लेषण होतं. आपली बरीच मुलं कॉलेजात असा पेपर लिहायला बसतात आणि पहिल्याच पानावर अडतात. त्यांच्यासाठी हे थोडंसं.

आधी प्रश्न लहान करा. 'ग्वाल्हेरची पाणीटंचाई' हा निबंधाचा विषय झाला. 'जुन्या घरांच्या छतावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवलं जावं, यासाठी नगर निगमानं काय करावं?' हा पेपरचा प्रश्न. यात निर्णय कोणाच्या हातात आहे ते कळतं, आणि पेपर त्यालाच उद्देशून लिहायचा असतो.

मग हिशेब. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी हे सरकारी प्रमाण आहे. पाच माणसांच्या घराला रोज 675 लिटर लागतील. छत 100 चौरस मीटर, वर्षाचा पाऊस 800 मिलिमीटर आणि त्यातला 80 टक्के हाती लागेल असं धरलं, तर 64,000 लिटर होतात. म्हणजे जवळपास 95 दिवसांचं पाणी! पण 'असं धरलं' हे शब्द लपवू नका. मुरलेलं सगळं पाणी आपल्याच बोअरला परत येत नाही, हेही लिहा. खर्चाचे आकडे निगमाच्या अंदाजपत्रकात शोधा. तिथं नसतील तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहेच. अर्जाला साधारणपणे 30 दिवसांत उत्तर मिळायला हवं.

यानंतर किमान तीन पर्याय मांडा: सक्ती आणि दंड, मालमत्ता करात सूट, आणि आहे तसंच चालू देणं. तिघांनाही एकच मापं लावा: खर्च किती, पाणी किती वाचेल, राबवायला सोपं आहे का, आणि भार कोणावर पडेल? आवडत्या पर्यायाला वेगळी फूटपट्टी लावली की वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं.

'हे फसलं तर?' यावरही एक परिच्छेद हवा. सांक नदीवरचं आपलं तिघरा धरण 1916 साली बांधून झालं आणि 1917 च्या ऑगस्टमध्ये फुटलं. ते नंतर पुन्हा उभं राहिलं, पण हा प्रश्न आधीच विचारलेला बरा.

शेवटी शिफारस, आणि खरी कसोटी इथंच. करसवलत सुचवली तर फायदा घरमालकांचा, म्हणजे बहुतेक आपलाच. ज्यांचं स्वतःचं छतच नाही त्या भाडेकरूंना काय मिळणार? अशा वेळी दिनकरराव राजवाडे आठवावेत. 1819 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दिनकरराव पंधराव्या वर्षी ग्वाल्हेर संस्थानच्या नोकरीत आले आणि पुढे जयाजीराव शिंद्यांचे दिवाण झाले. तेव्हा तिजोरीत तूट होती. त्यांनी जाचक कर उठवले, पगार कमी केले आणि त्यात स्वतःचा पगारही कापला. तूट भरून निघाली आणि शिल्लक दिसू लागली. आपल्या शिफारशीची झळ आपल्या घरालाही बसते का, हे पेपर संपवण्याआधी एकदा तपासून पाहावं.

पेपर झाला की गुणांपुरता ठेवू नका. निगमाचं काम हिंदीत चालतं. एका पानाचा सारांश हिंदीत काढा आणि आपल्या वॉर्डाच्या पार्षदांच्या हाती नेऊन द्या. पुढच्या उन्हाळ्यात चहाबरोबर निदान एक वेगळा विषय निघेल.