पुल, ड्रॅग की टो? ओढण्याचे सहा इंग्रजी शब्द

समजा, भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये तुमची कार बंद पडली. एका भल्या ट्रकवाल्याने दोर बांधून ती गॅरेजपर्यंत पोहोचवली. नंतर विम्याच्या अर्जात तुम्ही इंग्रजीत लिहिलंत, ‘द ट्रक ड्रॅग्ड माय कार’. वाचणाऱ्याला वाटेल, ट्रकने तुमच्या कारला फरफटत नेलं! तुम्हाला लिहायचं होतं ‘टोड’. शब्द चुकला आणि मदत करणारा आरोपी ठरला.

घाबरू नका. असा फरक आपण मराठीतही रोज करतो. बैल गाडी ओढतो, विहिरीतून पाणी शेंदतात, धाकटा ताईची वेणी खेचतो, कुत्रा साखळीला हिसका देतो. आपण हे शब्द कधी पाठ केले नाहीत, चित्र डोळ्यांसमोर आलं की शब्द आपोआप येतो. इंग्रजीतही तसंच करून पाहा.

पुल : सगळ्यात साधा शब्द. एखादी वस्तू आपल्याकडे किंवा आपल्यामागे ओढणं. दारावर ‘पुल’ लिहिलं असेल तर दार स्वतःकडे ओढा, ढकलू नका. भिलाईत आषाढात जगन्नाथाची रथयात्रा निघते, तेव्हा भाविक रथाचा दोर ओढतात, तेही ‘पुल’च. गंमत म्हणजे याच जगन्नाथाच्या नावावरून इंग्रजीत ‘जगरनॉट’ शब्द गेला. अर्थ : वाटेत येईल ते चिरडत जाणारी, न थांबणारी शक्ती. ब्रिटनमध्ये तर अवजड मालट्रकलाही जगरनॉट म्हणतात.

ड्रॅग : वस्तू जमिनीला घासत जाते, जड असते, सहज हलत नाही. पलंग फरशीवरून ओढला आणि ओरखडे उमटले, तर तो ‘ड्रॅग’. मोबाइलवर फोटो बोटाने सरकवतानाही ‘ड्रॅग’ म्हणतात, कारण बोट काचेवरून उचलायचं नसतं.

टो : एका वाहनाने दुसऱ्याला दोर, साखळी किंवा दांडा लावून नेणं. पायाच्या बोटाला म्हणतात तो ‘टो’ वेगळा, उच्चार मात्र तोच. एक काळजी घ्या : बऱ्याच ऑटोमॅटिक कार, त्यांची इंजिनाची ताकद मिळणारी चाकं रस्त्यावर फिरती ठेवून टो केल्या, तर गिअरबॉक्स बिघडू शकतो. फोनवर मदत मागताना ‘गाडी ऑटोमॅटिक आहे’ हे आधी सांगा. मग ते संपूर्ण गाडी वर चढवून नेणारा ट्रक पाठवतील.

हॉल : भरपूर वजन, लांबचं अंतर, कष्टाचं काम. भिलाईकरांना हा शब्द समजावायला नको. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. तेव्हापासून दल्ली-राजहराच्या खाणींतलं लोहखनिज रेल्वेने कारखान्यात येतं. इंजिन खनिजाच्या वॅगनी आणतं, तो ‘हॉल’. लांब पल्ल्याच्या विमानाला ‘लाँग-हॉल’ म्हणतात. गॅरेजच्या पाटीवरचं ‘ओव्हरहॉल’ही याच शब्दातून निघालं. मुळात तो जहाजावरचा, दोर ओढून सैल करण्याचा शब्द.

टग : छोटा, जोरदार हिसका. लहान मूल आईचा पदर ओढतं, तो ‘टग’. रस्सीखेच म्हणजे ‘टग ऑफ वॉर’. बंदरात मोठ्या जहाजांना ओढणारी किंवा ढकलणारी छोटी बोट ती ‘टगबोट’.

ड्रॉ : सावकाश, सलग ओढणं. पडदा, विहिरीचं पाणी, कागदावरची रेघ. मराठीतही आपण रेघ ‘ओढतो’च की! टेबलाचा खण ओढून उघडतो, म्हणून तो ‘ड्रॉवर’. भिलाईच्या कारखान्यात वायर रॉड, म्हणजे लांब, बारीक पोलादी सळ्या तयार होतात. अशी सळई क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढली की तार तयार होते. या कामालाही ‘ड्रॉइंग’च म्हणतात.

आता एक सापळा. ‘ही पुल्ड माय लेग’ याचं भाषांतर ‘त्याने माझे पाय ओढले’ असं करू नका. मराठीत पाय ओढणं म्हणजे दुसऱ्याची प्रगती अडवणं. इंग्रजीत मात्र तो फक्त फिरकी घेतोय! ऑफिसमध्ये साहेबांनी गमतीत काही म्हटलं आणि तुम्ही त्याची तक्रार समजून बसलात, तर उगाच मन दुखावेल.

शब्द निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. वस्तू जमिनीला घासतेय का? मग ‘ड्रॅग’. पुढे दुसरं वाहन आहे का? मग ‘टो’. ओझं जड आणि वाट लांब आहे का? मग ‘हॉल’. यातलं काहीच नसेल तर हिसक्याला ‘टग’, सावकाश ओढण्याला ‘ड्रॉ’. आणि काहीच सुचलं नाही तर ‘पुल’ आहेच, तो बहुतेक ठिकाणी चालून जातो.

आज संध्याकाळी मुलांसोबत एक खेळ खेळा. घरातल्या सहा गोष्टी ओढून बघा : पडदा, खुर्ची, खण, दोर बांधलेली खेळण्यातली गाडी, ताईची वेणी (हळूच!) आणि फ्रिजचं दार. प्रत्येक वेळी मुलांनी योग्य इंग्रजी शब्द सांगायचा. चुकलं तर हसा आणि पुन्हा ओढा.