म्हापशाचा शुक्रवार

शुक्रवारी सकाळी बार्देशातल्या कुठल्याही तिठ्यावर उभे राहा. म्हापशाची बस येते ती माणसांपेक्षा पाट्यांनीच अधिक भरलेली. हा प्रवास मी लहानपणी आजीचे बोट धरून केला, पुढे आईची पिशवी उचलून केला. परवा, बऱ्याच वर्षांनी, एकट्याने केला.

‘माप’ आणि ‘सा’ म्हणजे भरणे, यावरून म्हापसा हे नाव पडले असे सांगतात. अशा गावाने बाजार नाही तर दुसरे काय मिरवावे? दुकाने इथे रोजच उघडी असतात, पण शुक्रवारची गोष्ट निराळी. त्या दिवशी आसपासच्या गावांतल्या बायका गोणपाट अंथरून बसतात. तांबडी भाजी, मुळा, वाल यांचे वाटे समोर मांडलेले. तराजू नाही, वाटा एवढ्याला, घ्यायचा तर घ्या! पलीकडे मयड्याची लांबलचक केळी, काणकोणातल्या खोल्याची लालभडक मिरची, चौरिसांच्या माळा आणि फेणीच्या बाटल्या. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. इथल्या गिऱ्हाइकाला मात्र तिची पारख नाकानेच असते.

मे महिन्यात या बाजाराला खरा भर येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. म्हणून पावसाआधी सुके बांगडे, सुकी सुंगटे, आमसुले, मिरच्या, कांद्यांच्या माळा घरात भरून ठेवायच्या. हे ‘पुरुमेंत’. शब्द पोर्तुगीजांकडून आला, काळजी मात्र आपल्या आयांची.

आज भाजीच्या ओळीत फिरताना बेळगावहून आलेला माल पुष्कळ दिसतो. स्वतःच्या कुळागरातले, स्वतःच्या मळ्यातले घेऊन बसणाऱ्या बायका बहुतेक साठीच्या पुढच्या. त्यांतल्याच एकीने विचारले, “कितें जाय, पुता?” मी तांबडी भाजीचे दोन वाटे घेतले, सांगितले तेवढे पैसे दिले आणि निघालो. म्हाताऱ्या बाईशी काय घासाघीस करायची, असा थोडा अभिमानही वाटला.

घरी आईने पिशवी उपसली. भाजी कोणाची, ते तिने देठांवरूनच ओळखले.

“दर केला नाहीस?”

“नाही.”

“म्हणजे बोललाच नाहीस तिच्याशी. तिचा गुडघा कसा आहे? सून बसायला येते का आता, की मळा पडीकच टाकला?”

मला काहीच सांगता येईना. दर करता करता आई तीस वर्षे त्या घरची खबर घेत होती, आणि शेवटी दोन पैसे जास्तच देऊन येत होती. मी भाजी तेवढी आणली होती.

त्या गोणपाटावर उद्या कोण बसणार, हे पुढल्या शुक्रवारी विचारायचे आहे. पहिल्या बसने जाईन म्हणतो.