पाठीतले पाणी आणि मेंदूचा क्षय

पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा होतो, ही धास्ती ग्वाल्हेर-मुरारच्या मराठी घरांत काय आणि आमच्या खेड्यापाड्यांत काय, सारखीच मुरलेली आहे. मूल दोन आठवडे बारीक तापाने कण्हते, वांत्या करते, पुढे सुस्त होऊन माणसे ओळखीनासे होते. डॉक्टर सुई सुचवितात, तो आजी त्याला कुशीत घेऊन घरची वाट धरते. फादरांस बोलवावे, प्रार्थना करावी, हे योग्यच; पण त्यासाठी सुई लांबवू नये.

मेंदू व मज्जारज्जू यांभोवती स्वच्छ पाणी खेळत असते. प्रौढ माणसात ते सुमारे १५० मिलिलिटर असते, आणि दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नवे तयार होते. तपासणीसाठी घेतलेले चमचा-दोन चमचे तासाभरात भरून निघतात. सुई टोचतात ती कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. नंतर एक-दोन दिवस डोके दुखू शकते, एवढे खरे. ही रीत जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी १८९१ साली रूढ केली.

निरोगी पाण्यात प्रथिने अगदी थोडी, १०० मिलिलिटरमागे १५ ते ४५ मिलिग्रॅम; रक्तात याच्या शंभरपटींहून अधिक. क्षयाने मेंदूची आवरणे सुजली की पाण्यातील प्रथिने वाढतात, साखर उतरते. कधी नळीत ठेवलेल्या पाण्यावर कोळिष्टकासारखे जाळे धरते. परंतु प्रथिने इतर रोगांतही वाढतात. जंतू वाढवून पाहावेत तर कित्येक आठवडे लागतात, आणि हा रोग तितकी सवड देत नाही.

प्रथिने किती, यापेक्षा कोणाची, हा प्रश्न नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील हातिम दागिनावाला, राजपाल कश्यप आदी संशोधकांनी हाती घेतला. क्षयजंतू स्वतः जी प्रथिने बाहेर टाकतो, त्यांतील ‘अँटिजेन ८५’ समूहाचे घटक रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात असल्याचे त्यांनी कोलोरॅडोच्या सहकाऱ्यांसह २००५ साली दाखविले. चोर दिसला नाही तरी त्याची वहाण अंगणात सापडावी, तसे हे झाले.

ती चाचणी अद्याप गावोगावच्या रुग्णालयांत पोहोचलेली नाही. आज तेथे त्याच पाण्यातून जंतूचे जनुक शोधणारी ‘सीबीनॅट’ तपासणी करतात. उत्तर दोनेक तासांत मिळते आणि सरकारी क्षय कार्यक्रमात ती विनामूल्य आहे. मात्र जंतू न आढळला म्हणून रोग नाही असे ठरत नाही. अशा वेळी डॉक्टर प्रथिने, साखर व लक्षणे पाहून औषध चालूच ठेवतात, तेही बहुधा वर्षभर.