ब्राउझरमधलं ॲनिमेशन आपल्या इशाऱ्यावर कसं चालतं?



समजा, बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला कशी हलली, हे दाखवणारा नकाशा तुम्ही बनवलाय. नकाशावरचा ठिपका २ सेकंदांत ४०० पिक्सेल सरकतो. तो नेमका कुठे आहे, हे ब्राउझरचं इंजिन कसं ठरवतं?

प्रत्येक पानाला स्वतःची टाइमलाइन असते, तिची वेळ मिलिसेकंदांत मोजतात. टाइमलाइनच्या वेळेतून ॲनिमेशन सुरू झाल्याची वेळ वजा करायची आणि उत्तराला प्लेबॅकच्या वेगाने (प्लेबॅक रेटने) गुणायचं. ५०० मिलिसेकंद झाले की चौथा हिस्सा पूर्ण. ठिपका एकसमान गतीने सरकत असेल तर तो १०० पिक्सेलवर.

आता खरी गंमत. इंजिन थेट कॉम्प्युटरच्या घड्याळावर विसंबलं, तर या हिशेबाच्या कोडची चाचणी बेभरवशाची होते. मशीन अडखळलं की मोजमाप चुकतं, आणि कोड बरोबर असूनही चाचणी नापास! म्हणून चाचणीपुरतं घड्याळ बाजूला ठेवतात आणि टाइमलाइन हाताने पुढे ढकलतात. ५०० म्हटलं की ५००च. उत्तर दरवेळी तेच.

असा ताबा आपल्यालाही मिळतो. वेब ॲनिमेशन्स एपीआयमध्ये ॲनिमेशन थांबवता येतं, उलटं चालवता येतं, हव्या क्षणावर नेता येतं. २०२३ मध्ये आलेल्या क्रोम ११५ पासून तर वेळेऐवजी स्क्रोलवरही ते चालवता येतं: वाचक पान सरकवेल तसा ठिपका बिदरकडे निघेल.

आपल्या गावाचा इतिहास असा मांडून बघाच. कुठे अडलं तर बिनधास्त विचारा!

#वेबडेव्हलपमेंट #मराठीतंत्रज्ञान #बिदर