चुंबकाला चिकटलेला कण

पनवेलमध्ये ओएनजीसीत नोकरी करणारी घरं पुष्कळ. माणूस चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर. जायचं ते जुहूहून हेलिकॉप्टरनं. 28 जून 2022 रोजी सागर किरण रिगजवळ नऊ जणांना घेऊन निघालेलं हेलिकॉप्टर समुद्रात पडलं आणि चौघांचा जीव गेला. अशा अपघातांना कारणं अनेक असतात. त्यातली एकच बाजू मी जवळून पाहिली आहे, ती म्हणजे यंत्राची निगा.

समुद्रावर उडणाऱ्या इंजिनाला मीठ छळतं. कॉम्प्रेसरच्या पात्यांवर क्षार बसले की हवा पुरेशी दाबली जात नाही आणि तेवढ्याच ताकदीसाठी इंजिन जास्त तापतं. म्हणून इंधन न पेटवता, नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवत आत शुद्ध पाण्याचा फवारा सोडतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते चुकवून चालत नाही.

मला खिळवून ठेवलं ते चिप डिटेक्टरनं. तेलाच्या वाटेत बसवलेला हा बोटभर चुंबक. आतलं बेअरिंग किंवा गिअरचा दाता झिजू लागला की लोखंडाचे कण तेलाबरोबर वाहत येतात आणि त्याला चिकटतात. तंत्रज्ञ तो बाहेर काढतो, पांढऱ्या कापडावर टिपतो, भिंगाखाली धरतो. पिठासारखा काळसर लेप असेल तर बहुधा नेहमीची झीज. चकाकता पापुद्रा दिसला की सगळे बोलायचे थांबतात. त्याचं माप घ्यायचं, धातू कोणता ते ठरवायचं, नोंद करायची. तोवर उड्डाण नाही.

एक इंजिन बंद पडलं तर दुसरं असतं. दोन्ही बंद पडली तरी हाताशी उंची आणि वेग असेल तर वैमानिक ऑटोरोटेशननं, म्हणजे खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरती ठेवून, उतरू शकतो. पण इंजिनांची ताकद पात्यांपर्यंत नेणारा मुख्य गिअरबॉक्स एकच असतो. 1 एप्रिल 2009 रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ, तेलक्षेत्रातून परतणारं सुपर प्युमा हेलिकॉप्टर गिअरबॉक्स तुटून कोसळलं. आतले सोळाही जण गेले. आठवडाभर आधी, 25 मार्चला, त्याच्या चिप डिटेक्टरवर धातूचा कण सापडला होता. फोन आणि ईमेलवरच्या बोलण्यात गैरसमज झाला आणि गिअरबॉक्सचा नेमका तो भाग उघडायचा राहून गेला. यंत्रानं वेळेवर सांगितलं होतं, माणसांनी नीट ऐकलं नाही. या धंद्यातली माझ्या मते ही सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट.

शेवटी सगळं येतं ते परवानाधारक इंजिनिअरच्या सहीवर. ती सही नाकारायचा अधिकार त्याला कागदावर आहेच; बाहेर प्रवासी ताटकळत असतानाही तो वापरता आला पाहिजे. त्याच्यावर वेळेचा दबाव आणणाऱ्या वरिष्ठाला हँगरमध्ये पाऊल टाकू देऊ नये. आणि पनवेलच्या घरांना एक विनंती. तांत्रिक तपासणीमुळे उड्डाण रद्द झालं, माणूस आज येत नाही, असा निरोप आला तर चिडू नका. एक दिवस उशिरा येऊ द्या.